द्यायचं कापड, शिवायचं कापड

आमच्या भागात ब्लाऊजपीस ही अंगात घालायची वस्तू नाही, द्यायची वस्तू आहे. घरी बाई आली की तिची ओटी भरायची. नारळ, ओंजळभर गहू आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पीस. ती बाई तो कपाळाला लावते, घरी नेते आणि पेटीत ठेवते. पुढं तिच्याकडं कुणी आलं की तो पेटीतून निघतो. गावात त्याच्याइतका पाहुणचार कुणाला मिळत नसेल, पण सुई काही त्याला कधी लागत नाही.

घोडेगावात माझी पेटी नावाजलेली होती. कुठला पीस कुणाकडून आला हे मला तोंडपाठ असे. जिनं दिला तिच्याच ओटीत तो परत घातला, असं माझ्या हातून कधी झालं नाही. पन्नाशी उलटल्यावर मी साक्षरता वर्गात अक्षरं शिकले, तेव्हा हौसेनं पिसांवर चिकटवलेले कागद वाचत बसले होते. जवळजवळ सगळ्यांवर 'शुद्ध' असं लिहिलेलं होतं. शुद्ध काय, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

माझी सून निकिता बेलापूरची. लग्नात येताना ती शिलाई मशीन घेऊन आली. पार्थनं, म्हणजे माझ्या मुलानं, ते ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं, त्यावर चादर टाकली आणि चादरीवर मी लोणच्याची बरणी ठेवली. निकिताला मात्र रस्त्याकडची खोली हवी होती. तिथं मशीन मांडायचं, बाहेर पाटी लावायची आणि गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायचे, हे तिनं माहेरीच ठरवून ठेवलं होतं. त्या खोलीत आमच्या म्हशींच्या पेंडीची पोती होती.

"आत्या, पोती मागं गोठ्याजवळ नाही का ठेवता येणार?"

"तिथं उंदीर हायेत."

"खोलीतपण आहेत."

"खोलीतले वळखीचे हायेत."

खरं कारण वेगळं होतं. बागायतदाराच्या घरची सून गावाची मापं घेत बसली तर लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात होतं. पण ते बोलायची सोय नव्हती, कारण पार्थ लगेच विचारतो, लोक म्हंजे कोन? म्हणून मी अट घातली. "गावातली एक तरी बाई आपनहून तुझ्याकडं कापड घेऊन येऊ दे. त्याच दिवशी पोती हलवते." नव्या सुनेच्या कात्रीखाली कुणी आपलं कापड ठेवत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. अट घालताना मी फार मोठ्या मनाची दिसले.

निकिता म्हणाली, "काम बघितल्याशिवाय मला कापड कोण देणार? आणि कापड मिळाल्याशिवाय मी काम दाखवू कसं?"

त्या वेळी माझी थोरली जाऊ आक्काबाई ओसरीवर चहा पीत बसली होती. तिच्यासमोर आमच्या घरात कापडाची वाण दिसायला नको, म्हणून मी म्हणाले, "कापडाला काय तोटा हाय? पेटी भरलीया माझी. घे लागंल ते."

हे नुसतं बोलायचं असतं. समोरच्यानं 'राहू द्या, राहू द्या' म्हणायचं असतं. बेलापूरला तशी पद्धत नसावी. दुसऱ्या दिवशी मी रानातून आले तर पेटी सताड उघडी, आणि माझे सगळे पीस पिशव्यांतून निघून अंगणात बादल्यांमध्ये बुडालेले.

"आगं, हे काय केलंस?"

"रंग जातो का ते बघतेय. आणि सुती असेल ते आटतं. शिवल्यावर आटण्यापेक्षा आधीच आटलेलं बरं."

भिजलेला पीस कुणाच्या ओटीत घालता येत नाही. माझी वर्षानुवर्षांची जमवाजमव संध्याकाळपर्यंत दोरीवर लोंबत होती. लाल कापडानं आपला रंग पांढऱ्याला देऊन टाकला होता. जे चमचमणारं कापड मी मोठ्या घरांसाठी म्हणून जपलं होतं, ते निकितानं उजेडासमोर धरलं, तर त्यातून पलीकडची म्हैस दिसली. दुसऱ्या एका सॅटिनचा काठ तिनं नखानं जरासा ओढला आणि धागेच्या धागे सुटून आले.

"हे शिवलं तर शिवणीवरच उसवेल. अस्तर लावावं लागेल. मग अस्तर हाच ब्लाऊज, आणि हे वरून नुसतं शोभेला."

"शोभेलाच असतंय ते," मी म्हणाले.

शेवटी तिच्या मनासारखा एकच निघाला, आणि तो नेमका मी पेटीच्या तळाशी दडवलेला. शेवाळी रंग, त्यावर पिवळे हंस. छापताना कुठंतरी छापा घसरलेला, त्यामुळं एका हंसाला दोन माना आल्या होत्या. घडी अशी घातलेली की पिशवीतून तोच हंस दोन्ही माना वर करून बघायचा. पार्थच्या लग्नात आक्काबाईनं तो निकिताच्या ओटीत घातला, तेव्हा मी बघताक्षणी ओळखला. फार वर्षांपूर्वी मीच तो शेजारच्या रुपालीला तिच्या डोहाळजेवणात दिला होता. तिथून आक्काबाईकडं कसा पोचला ते त्यालाच ठाऊक. मी गुपचूप तो तळाला घातला. पुढं कधी विहीणबाईंची, म्हणजे निकिताच्या आईची ओटी भरायची वेळ आली की बेलापूरला धाडून द्यायचा, असा माझा बेत होता.

निकिता ते कापड मुठीत दाबून, सोडून बघत होती. "आत्या, हे चांगलं टू बाय टू आहे. सुती. घाम पितं, चुरगळलं तरी परत सरळ होतं. एवढं चांगलं कापड इतके दिवस कुणी शिवलं कसं नाही?"

"त्याला दोन माना हायेत."

"मग काय झालं?"

असं म्हणत तिनं ते चटईवर पसरून खडूनं आखायला घेतलं.

कापड चांगलं होतं, पण पुरेसं नव्हतं. पुढचे दोन भाग आणि पाठ निघाल्यावर बाह्यांना काही उरेना. तिनं दोरीवरचं साधं पिवळं पॉपलिन ओढलं आणि त्याच्या बाह्या लावल्या. त्याच पिवळ्याची तिरकी पट्टी कापून, उरेब म्हणतात तिला, ती गळ्याला फिरवली. उंची कमी पडत होती, तिथं कमरेला पट्टी जोडली. हात वर केल्यावर ओढ बसू नये म्हणून काखेत लहानशी कळी घातली. बाजूच्या शिवणीत दोन बोटं कापड आत राखलं. पुढं अंग भरलं तर एक शिवण उसवायची की झालं. कटोरी नाही, लटकन नाही. चार टक्स आणि पुढं हुक. साधा ब्लाऊज.

हंस काही टाळता आला नाही. पुढच्या बाजूला आला असता तर बरं दिसलं नसतं, म्हणून तिनं तो बरोबर पाठीच्या मध्यावर घेतला आणि त्याच्याभोवती पिवळी पट्टी लावली. आता तो चुकून आलाय असं कुणी म्हणालं नसतं. मुद्दाम बसवल्यासारखा दिसत होता.

त्या आठवड्यात रुपालीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. निकिता तोच ब्लाऊज घालून निघाली.

"पदर दोन्ही खांद्यांवरनं घे," मी म्हणाले.

"मग काम कसं दिसणार, आत्या? दाखवायलाच तर घातलाय."

वाटेनं मी मनात हिशेब मांडत होते. रुपाली हंस ओळखणार. पण 'हा तर काकूंनी मला दिलेला' असं म्हणाली, तर तिनं तो पुढं दिला हे आपोआप उघडं पडणार. आक्काबाईला जिनं कुणी दिला असेल तिचंही तेच. म्हणजे हंस सगळ्या ओळखतील आणि सगळ्या गप्प बसतील. असं ठरवल्यावर माझं पाऊल जरा हलकं पडलं.

रुपालीच्या नव्या हॉलमध्ये सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. निकितानं हळदीकुंकवाचं ताट आपणहून उचललं. ती एकीसमोर वाकली की हंस दुसरीकडं बघायचा. रुपालीनं त्याला पाहिलं आणि ओटीचे नारळ परत मोजायला घेतले. अंगणवाडीच्या ज्योतीताईंनी पाहिलं आणि त्या छताचा रंग किती छान आहे ते सांगू लागल्या. माझा हिशेब बरोबर निघत होता.

पण मी आक्काबाई धरली नव्हती.

"आगं पोरी, इकडं ये. फिर जरा," ती मोठ्यानं म्हणाली. "बगा गं बायांनो! माझ्या हातचं कापड हाय हे. लग्नात मी दिल्तं. पोरीनं शिवून अंगात घातलं. न्हाईतर तुमी! दिलेलं पेटीत कोंबताय. खास श्रीरामपूरला जाऊन आनलेलं, न्हाई का गं छबू?"

छबू म्हणजे मी. मी लगेच वाकून सतरंजीची घडी सारखी केली.

"श्रीरामपूरला?" ज्योतीताईंनी विचारलं.

"मग!"

"आक्का, तुमच्या उद्यापनाला मी काय दिल्तं, आठवतंय का?"

"त्याला लई वर्सं झाली. कुनाला आठवतंय आता."

"त्या हंसाला आठवत आसंल. इचारा त्याला."

बायका खुदखुदल्या. ज्योतीताईंनी इथं थांबायला हवं होतं. पण त्यांना चेव आला. "नगरच्या कापडबाजारात दिसभर हिंडून निवडलं हुतं मी ते."

"दोन मानंचं?" रुपाली पटकन बोलून गेली. "ताई, निवडलं कुठनं? तुमच्या पोरीच्या बारशाला मीच तर तुमाला..."

एवढं बोलून ती थांबली. पण जेवढं बोलायचं नव्हतं तेवढं बोलून झालं होतं.

"आन् तुला कुनी दिलं गं?" आक्काबाईनं विचारलं. स्वतःचं श्रीरामपूर ती विसरली होती आणि आता तिला मजा यायला लागली होती.

रुपालीनं माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडं पाहिलं.

"मला माझ्या नणंदेनं दिल्तं," मी म्हणाले. नणंद खर्ड्याला असते. तिथंवर विचारायला कुणी जाणार नव्हतं. ते खरंच होतं, पण त्या दिवशी त्या हॉलमध्ये खऱ्याला वेगळा भाव नव्हता.

निकिता ताट धरून मधोमध उभी. तिला वाटलं असावं की आपण काहीतरी बोलायला हवं. "तुम्ही सगळ्यांनी कापड मात्र खूप चांगलं दिलंत," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, तरी रंग हललेला नाही."

ती मनापासून बोलली. त्यामुळं कुणालाच तिच्यावर चिडता येईना आणि हसताही येईना. जेवणं खाली मान घालून झाली. ओटी भरायची वेळ आली, तेव्हा रुपालीनं ताटात रचून ठेवलेले पीस आत कुठंतरी गेले होते. प्रत्येकीच्या ओटीत नुसता नारळ आणि गहू पडला. असं आमच्या गावात मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी येताना निकिताचे डोळे भरले होते. "आता कोण येणार माझ्याकडं?"

"कुनी न्हाई," मी म्हणाले. मला वाईट वाटलं. पोती जागेवर राहणार, याचं जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारानं आक्काबाई आली. पदराखाली मोठं गाठोडं होतं. ते तिनं निकितापुढं टाकलं. आत पीसच पीस, कित्येकांच्या पिशव्या अजून चिकटपट्टीनं बंद.

"घे. शिवून टाक सगळं."

"सगळं?"

"मग ठिऊन काय करू? तुझ्यामुळं आता कुनाला पीस द्यायची सोय ऱ्हायली न्हाई. कोन शिवंल, कुनाच्या कार्यात घालून फिरंल आन् कुनाचं कुठनं निघंल, काय नेम? माझ्याच अंगावर आसलं तर कुनी इचारायचं न्हाई."

निकितानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत ती खोली होती.

"आक्का घरची बाई हाय," मी म्हणाले. "घरचं मानूस गिऱ्हाईकात धरत न्हाईत."

निकितानं टेप काढला आणि आक्काबाईचं माप घेऊ लागली.

"माप घे, पन आकडा मोठ्यानं सांगू नको," आक्काबाई म्हणाली. "छबूला आयकू जाईल."

"मावशी, यातला एकही पीस तुम्हाला एकटा पुरायचा नाही. दोन-दोन जोडावे लागतील. हा निळा अंगाला, बाह्या या गुलाबी."

"निळं आंग आन् गुलाबी बाह्या? मी काय पोळ्याचा बैल हाय का?"

"मग गुलाबीची बारीक पट्टी गळ्यालाही लावते. सगळीकडं थोडं थोडं आलं की जोड वाटत नाही. तसंच होतं असं वाटतं."

आक्काबाईनं आरशात निळं अंगावर धरलं, गुलाबी खांद्यावर धरलं, आणि बैल विसरून एकदा पाठमोरी वळूनही बघितलं. नंतर म्हणाली, "हे चमकणारं नगं. आतनं टोचतंय."

"त्याला जुन्या धोतराचं अस्तर लावू. मऊ असतं."

"धोतर हाय घरात. धनी आता पायजमाच घालतेत."

तिसऱ्या दिवशी मागच्या दारात ज्योतीताई आणि रुपाली एकमेकींवर आदळल्या. दोघींच्या पदराखाली गाठोडी. ज्योतीताई म्हणाल्या, मी ताक मागायला आले होते. रुपालीही ताकच मागायला आली होती. दोघींपैकी एकीच्याही हातात भांडं नव्हतं. मी दोघींना पेलाभर ताक पाजलं, तेवढ्यात निकितानं गाठोडी सोडून कापडं बादलीत टाकली सुद्धा. त्या परक्याच्या पोरीनं आमचं गाव माझ्यापेक्षा लवकर ओळखलं.

"या दोघी घरच्या आहेत का, आत्या?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं.

संध्याकाळी पार्थनं आणि त्याच्या वडलांनी पोती हलवली. मागं उंदीर असल्याचं मीच सांगून बसले होते, म्हणून ती गोठ्याजवळ ठेवता येईनात. आता ती माझ्या खाटेच्या शेजारी आहेत. ओळखीचे उंदीरही त्यांच्याबरोबर आलेत.

पुढं महिनाभर गावातल्या पेट्या रिकाम्या होत राहिल्या. बाजाराच्या दिवशी आमच्या रस्त्यानं दोन रंगांच्या बाह्यांच्या बायका जायच्या. इतकं झाल्यावर प्रत्येकीच्या लक्षात आलं की आता कुणाच्या ओटीत घालायला घरात काहीच नाही. तेव्हा निकितानं पार्थला घेऊन श्रीरामपूर गाठलं आणि कापडाचे तागे आणले. भिंतीला दोन फळ्या ठोकल्या. एका फळीवर सुती टू बाय टू आणि पॉपलिन, भरपूर लांबीचं कापून देण्यासाठी. दुसऱ्या फळीवर तेच चमचमणारं, आखूड कापून, पिशवीत घालून तयार. बाई दारात आली की निकिता पहिल्यांदा विचारते, "द्यायचं का शिवायचं?" बाया अजिबात लाजत नाहीत. शिवायचं कापड त्या स्वतःसाठी घेतात आणि द्यायचं दुसऱ्यासाठी. दुसरी फळी पहिलीपेक्षा लवकर रिकामी होते.

दुकानाची पूजा ठरली. विहीणबाई बेलापूरहून यायच्या होत्या. त्यांची ओटी भरायची आणि माझी पेटी रिकामी. मी खोलीत गेले.

"विहीणबाईंसाठी एक पीस दे."

निकितानं मान वर केली नाही. "द्यायचं का शिवायचं?"

मी दुसऱ्या फळीकडं हात नेला होता. तो तसाच पुढं नेणं मला जमलं नाही. "शिवायचं," मी म्हणाले.

तिनं जांभळ्या टू बाय टूचा तागा सोडला आणि मोठं कापड कापलं. घडी घालता घालता म्हणाली, "आई हे शिवणार नाही, आत्या. चांगलं आहे म्हणून जपून ठेवेल, आणि एखाद्या मोठ्या घरी देईल."

मला त्यात गैर काही दिसलं नाही. मीही तेच केलं असतं. पण तिचा चेहरा बघून मी म्हणाले, "गळा पाडून ठिव."

"आत्ताच?"

"एकदा गळा पाडला की कोन कुनाला देतंय? आन् खोल पाड."

पूजा झाली. मी विहीणबाईंची ओटी भरली. त्यांनी कापड कपाळाला लावलं, घडी जराशी उलगडली आणि त्यांचा हात थेट गळ्याच्या भोकातून पलीकडं गेला.

"अहो विहीणबाई, फाटलंय की हो हे."

"फाटलं न्हाई. कापलंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दोन्ही फळ्यांकडं पाहिलं. त्या आमच्याच जातकुळीच्या, समजायला वेळ लागला नाही. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून एक चमचमता कोपरा बाहेर आला होता. माझ्या ओटीसाठी आणला असणार. तो त्यांनी बोटानं हळूच आत ढकलला.

निकितानं ते पाहिलं. तिनं कात्री उचलली आणि आईपुढं हात पसरला.

"आण ते इकडं. आत्यांचं माप आहे माझ्याकडं."